धुरकट सूर्याचा चोख हिशोब

लंडनमध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या बरोबर समोर, टेम्सच्या दुसऱ्या काठावर, सेंट टॉमस हे जुनं इस्पितळ आहे. फेब्रुवारी 1900 मध्ये या इस्पितळाच्या नदीकडच्या सज्जात बसून रंगवायची परवानगी क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराला मिळाली. तेव्हा तो 59 वर्षांचा होता. धान्याच्या गंजी आणि रूआँचं कॅथीड्रल या विषयांवरच्या त्याच्या चित्रमालिका गाजून गेल्या होत्या, पैशांची ओढाताणही संपली होती. दिवसाच्या पहिल्या भागात तो सॅव्हॉय हॉटेलातल्या आपल्या खोलीतून वॉटर्लू आणि चेरिंग क्रॉस हे दोन पूल रंगवी आणि ऊन कललं की नदी ओलांडून इस्पितळात येई. समोर पार्लमेंट, त्याच्यामागे उतरणारा सूर्य, मधे पाणी आणि सगळीकडे कोळशाचा धूर. या जागेवरून सुरू झालेली 19 चित्रं आज वॉशिंग्टन, झुरिक, पॅरिस, ब्रुकलिन, लील अशा ठिकाणच्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत. त्यांच्यासमोर उभा राहणारा माणूस बहुधा ‘स्वप्नवत’ म्हणून मोकळा होतो. निळसर-जांभळ्या सावलीसारखी इमारत, तिच्या बाजूला नारिंगी ठिपका, पाण्यावर त्याचे तुटक फटकारे; याला दुसरं काय म्हणणार? माझं म्हणणं मात्र उलट आहे. या चित्रांत जे स्वप्नासारखं दिसतं, त्यातलं बरंचसं नीट पाहून नोंदलेलं आहे. आणि अशी नोंद करता यावी म्हणूनच मोनेला नदीकाठची, सगळ्या जगाला ठाऊक असलेली एक इमारत हवी होती.

इमारतीपासूनच सुरुवात करू. जुना वेस्टमिन्स्टर राजवाडा ऑक्टोबर 1834 मध्ये जळाला. ती आग इंग्लिश चित्रकार टर्नरने पाहिली आणि रंगवलीही. त्या जागी चार्ल्स बॅरी आणि ऑगस्टस प्यूजिन यांनी आजचं पार्लमेंट उभारलं. गॉथिक नक्षीचा इतका सोस दुसऱ्या कुठल्या सरकारी इमारतीत क्वचितच सापडेल. कमानी, कळस, कोनाडे, पुतळे. हातभर दगड मोकळा सोडलेला नाही. (मुंबईत राजाबाई टॉवरकडे मान वर करून पाहणाऱ्याला या घराण्याची थोडी ओळख असतेच.) मोनेने ही सगळी नक्षी गाळून टाकली. त्याच्या चित्रात खिडक्या मोजता येत नाहीत, मजले कळत नाहीत. उरते ती फक्त बाह्यरेषा. एखादं अनोळखी गोदाम त्याने असं रंगवलं असतं, तर पाहणाऱ्याला प्रश्न पडला असता की हे नेमकं आहे काय, आणि सगळी धूसरता चित्रकाराच्या खाती जमा झाली असती. पार्लमेंटचं तसं होत नाही. दोन मनोरे आणि त्यांच्यामधली लांब छपराची रेष दिसली की ओळख पटते. मग किती तपशील हरवला आहे, कुठे रेष पुसट झाली आहे, कुठे ती अजून टिकून आहे, हे पाहणारा आपोआप ताडू लागतो. प्रसिद्ध इमारत इथे मोजपट्टीचं काम करते. पट्टीवरचे आकडे आधीपासून ठाऊक असतात, म्हणूनच तिच्याशेजारी ठेवलेल्या वस्तूचं माप कळतं. इथे माप घ्यायचं होतं ते हवेचं आणि वेळेचं.

जागेची निवड पाहिली तरी हेच दिसतं. टेम्स लंडनमधून ढोबळमानाने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, पण वेस्टमिन्स्टरपाशी तिला असं वळण आहे की तेवढ्या पट्ट्यात ती दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. त्यामुळे इस्पितळ पूर्वेला आणि पार्लमेंट पश्चिमेला येतं. फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लंडनचा सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सोळा-सतरा अंश डावीकडे मावळतो. 21 मार्चच्या सुमारास तो बरोबर पश्चिमेला येतो. म्हणजे महिनाभरात मावळतीची जागा त्या लांबलचक इमारतीच्या मागून डावीकडून उजवीकडे सरकत जाते, रोज सूर्यबिंबाच्या रुंदीहून किंचित जास्त. ज्याला मनोऱ्याच्या अमुक बाजूला सूर्य हवा आहे, त्याला वर्षाच्या त्या काळात मोजके दिवस मिळतात, आणि त्यातल्या किती दिवशी आभाळ साथ देईल याची खात्री नाही. मोनेने एकाच वेळी डझनावारी कॅनव्हास सुरू ठेवले, आजच्या उजेडाशी जुळणारा कोणता, हे धुंडाळत बसला, यात चित्रकाराच्या लहरीपेक्षा खगोलाचा हात मोठा होता. आपल्याकडे हेच काम आणखी कठीण झालं असतं. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ उभा खाली जातो. लंडनला तो तिरका घसरतो. शेवटचे दहा अंश उतरायला मुंबईत पाऊण तासाहून कमी वेळ लागतो, लंडनला या दिवसांत तासाहून थोडा अधिक. चित्रकाराच्या दृष्टीने तेवढी मिनिटं म्हणजे चैन.

2006 मध्ये जेकब बेकर आणि जॉन थॉर्न्स या दोन संशोधकांनी ही मोजपट्टी शब्दशः वापरून पाहिली. ज्या चित्रांत सूर्य दिसतो, त्यांत पार्लमेंटचा व्हिक्टोरिया टॉवर आणि इतर कळस यांच्या तुलनेत बिंब कुठे आहे हे त्यांनी मोजलं. मनोऱ्यांच्या उंच्या ठाऊक, नदीची रुंदी ठाऊक; तेव्हा चित्रातल्या सूर्याची दिशा आणि उंची काढता आली, आणि त्यावरून तारीख व वेळही. निघालेल्या तारखा मोनेने पत्नी अलीस हिला लंडनहून पाठवलेल्या पत्रांशी जुळल्या. तो इस्पितळाच्या कुठल्या भागात बसला असावा, हेही या हिशोबातून निश्चित करता आलं. स्वप्नात रंगवलेला सूर्य पंचांगाशी असा जुळत नाही.

याच भूमितीतून आणखी एक गोष्ट निघते, आणि मला ती तारखांहून बोलकी वाटते. इस्पितळापासून पार्लमेंट अवघ्या पाव किलोमीटरवर आहे. एवढ्या जवळून छपराची रेष क्षितिजाच्या पाचेक अंश वर येते, आणि 98 मीटर उंचीच्या व्हिक्टोरिया टॉवरचं टोक पंधरा अंशांच्या आसपास. छपराच्या वर, मनोऱ्याच्या बाजूला जो सूर्य मोनेने रंगवला, तो खऱ्या मावळतीच्या बराच आधीचा आहे. स्वच्छ हवेत त्या उंचीवरचा सूर्य पिवळसर आणि डोळे दिपवणारा असतो. त्याच्याकडे सरळ पाहता येत नाही, मग रंगवणं तर दूरच. तो नारिंगी, तांबूस, चंद्रासारखा नजर खिळवता येईल असा व्हायचा तर हवेत प्रकाश शोषणारं आणि विखुरणारं काहीतरी भरपूर हवं. तसंच इमारतीच्या पुसटपणाचं. पाव किलोमीटरवरची नक्षी स्वच्छ हवेत धूसर होत नाही. सूर्य समोर असल्यामुळे ती सावलीत जाते, काळपट होते, पण कडा मात्र कापल्यासारख्या राहतात. मोनेच्या कित्येक चित्रांत कडाच विरघळल्या आहेत. साठ लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात घराघरांतून जळणारा दगडी कोळसा आणि नदीवरचं बाष्प यांनी मिळून जे धुरकं तयार होई, ते चित्रकाराने कल्पनेने वर पसरलेलं नाही. समोरच्या दृश्याचा तो मुख्य घटकच होता. मार्च 1900 मधल्या एका रविवारी सकाळी उठून पाहतो तर धुक्याचा मागमूस नाही, म्हणून मोनेची पाचावर धारण बसली होती. पुढे शहरातल्या चुली-शेगड्या पेटू लागल्या आणि धुरकं परत आलं, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. हे त्याने स्वतःच पत्रात लिहिलं आहे.

धुरक्याशिवाय त्याचं अडावं, यामागे रंगांची एक व्यावहारिक अडचण आहे. कॅनव्हासवरचा सर्वांत उजळ पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांच्या उजेडात फार तर तीस-चाळीस पटींचा फरक असतो, कारण रंग स्वतः प्रकाश देत नाही, पडलेला परतवतो. मावळत्या सूर्याकडे तोंड करून पाहिलं तर सूर्य आणि इमारतीची सावलीतली भिंत यांत हजारो पटींचा फरक असू शकतो. एवढा पल्ला रंगात मावत नाही. धुरक्याने दोन्ही टोकं आत ओढली जातात: सूर्य मंदावतो आणि सावलीतल्या भिंतीवर विखुरलेल्या प्रकाशाचा पातळ थर चढून ती उजळते. निसर्गाचा पल्ला रंगांच्या आवाक्यात येतो. जे उरतं, ते रंगछटेतल्या फरकाने भागवता येतं. मोनेने काळा रंग जवळजवळ सोडलेलाच होता. इमारतीची छाया त्याने निळ्या-जांभळ्यात मांडली आणि तिच्या शेजारी नारिंगी ठेवला. निळ्याशेजारचा नारिंगी स्वतःच्या उजेडापेक्षा जास्त पेटलेला भासतो, ही गोष्ट फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रोल यांनी 1839 मध्येच पुस्तकात मांडली होती. मोनेच्या 1872 च्या बंदरावरच्या सूर्योदयाचं उदाहरण हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टोन देतात. त्या चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याचा उजेड आजूबाजूच्या आभाळाइतकाच आहे. डोळ्याला तो तळपताना दिसतो तो केवळ रंगामुळे. लंडनची चित्रं ही त्याच हिकमतीची तीस वर्षांनंतरची, जास्त मुरलेली आवृत्ती वाटते.

यावर पहिला आक्षेप येतो तो कारागिरीच्या प्रामाणिकपणाचा. ही चित्रं लंडनमध्ये पुरी झालीच नाहीत. 1901 मध्ये आजारी पडून परतल्यावर मोनेने ती जिव्हर्नीच्या आपल्या चित्रशाळेत पुढे दोन-तीन वर्षं रंगवली. बहुतेकांवर 1903, 1904 अशा तारखा आहेत, आणि मे 1904 मध्ये पॅरिसमधल्या द्युराँ-रुएल यांच्या दालनात लंडनची 37 चित्रं लागली, त्यांत पार्लमेंटची 11. घरी बसून, फोटो मागवून रंगवल्याची कुजबुज झाली, तेव्हा मोने चिडला. चित्रं समोर पाहून केली की नाही, याच्याशी कुणाला काय देणंघेणं, असा त्याच्या उत्तराचा सूर होता. हा आक्षेप मी पूर्णपणे उडवून लावणार नाही. मालिकेतल्या चित्रांचे रंग त्याने एकमेकांशेजारी ठेवून जुळवले, तेव्हा अमुक जांभळी छटा अमुक संध्याकाळची, असं शपथेवर सांगता येणार नाही. पण सूर्याची जागा घरी बसून सुचलेली नाही, हे हिशोबाने दाखवलेलं आहे. शिवाय दहा मिनिटं टिकणारा उजेड जागेवरच पुरा रंगवायचा हट्ट धरला, तर दुसऱ्या दिवशीच्या वेगळ्या उजेडात पहिल्या दिवसाची नोंद पुसली जाते. जागेवर पक्कं पकडायचं आणि घरी पुरं करायचं, हीच त्या नोंदीला जपण्याची वाट होती.

दुसरा आक्षेप डोळ्यांचा. मोनेला मोतीबिंदू होता, मग ही धूसरता त्याच्या नजरेची कशावरून नसेल? हा तर्क ऐकायला छान आहे, पण तारखांत बसत नाही. मोतीबिंदूचं निदान 1912 मध्ये झालं, शस्त्रक्रिया 1923 मध्ये. लंडनची कामं निदानाच्या दहा-बारा वर्षं आधी सुरू झालेली. आणि डोळ्यांत पडदा असेल तर तो सगळ्या दिवसांवर सारखाच पडायला हवा. इथे एका चित्रात मनोऱ्यांची टोकं स्पष्ट दिसतात, तर दुसऱ्यात अख्खी इमारतच जेमतेम ओळखू येते.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 2023 मध्ये ॲना ली ऑलब्राइट आणि पीटर ह्युबर्स यांनी टर्नर आणि मोने यांची मिळून सुमारे शंभर चित्रं तपासली. कडांचा ठळकपणा आणि रंगांचा फिकेपणा त्यांनी गणिताने मोजला आणि त्या त्या काळात लंडन-पॅरिसच्या हवेत कोळशातून किती गंधकवायू मिसळत होता याच्याशी ताडून पाहिला. चित्रांतल्या ठळकपणाचे सुमारे 60 टक्के चढउतार त्या प्रदूषणाने समजावता येतात, असा त्यांचा निष्कर्ष. यावर कलेचा अभ्यासक म्हणेल की एकोणिसाव्या शतकात प्रदूषण वाढत गेलं आणि त्याच शतकात चित्रकलाही रेखीवपणाकडून सैलपणाकडे गेली. दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणून एक दुसरीमुळे झाली असं होत नाही. टर्नरच्या कडा टर्नरने सैल केल्या, धुराने नाही. हे मला मान्य आहे; शतकभराचा आलेख एकटा पुरावा म्हणून कमी पडतो. लंडन आणि पॅरिस यांचं औद्योगिकीकरण वेगवेगळ्या वेळी झालं, त्यामुळे हा आक्षेप थोडा सैल होतो, एवढंच. पण पार्लमेंटच्या मालिकेला तो लागू पडत नाही. इथे चित्रकार तोच, काळ दोन हंगामांचा, बैठक तीच, कॅनव्हासचा आकारही जवळपास तोच, साधारण 81 बाय 92 सेंटिमीटर. शैली मंगळवारी एक आणि बुधवारी दुसरी नसते. चित्राचित्रांत जो फरक पडला, तो हवेने पाडला असं मानणं इथे सर्वांत सरळ आहे. एकच गोष्ट बदलू देऊन बाकी सगळं स्थिर ठेवण्याची ही पद्धत प्रयोगशाळेत शोभेल अशी आहे, आणि ती मोनेने धान्याच्या गंजींपासूनच हाताला लावून घेतली होती.

मग कॅमेऱ्याने हेच केलं नसतं का? 1900 मध्ये तरी नाही. तेव्हा फोटोसाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या काचा लाल-नारिंगी प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. सामान्य छायाचित्रकाराच्या हाती रंगीत फोटो टिपणारी काच आली ती 1907 मध्ये. आजचा मोबाइल लालसर उजेड दिसला की तो ‘दुरुस्त’ करून पांढऱ्याकडे ओढतो, आणि सूर्य व इमारत दोन्ही दिसावीत म्हणून तीन-चार फोटो परस्पर एकत्र शिवतो. निवड त्यातही आहेच. फक्त ती कुणा अभियंत्याने आधीच करून ठेवलेली असते.

राहिला नैतिक प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. हे धुरकं माणसं मारत होतं. 1880 मध्येच रोलो रसेल यांनी लंडनच्या धुक्यांवर आणि त्यांच्या काळात वाढणाऱ्या मृत्यूंवर पुस्तिका लिहिली होती. मोने जिथे बसून रंगवत होता, ते तर इस्पितळच होतं. विषाला असं देखणं करावं का? याचं सोपं उत्तर नाही, पण एक तुलना उपयोगी पडते. त्याच लंडनमध्ये 1898 साली कोळशाच्या धुराविरुद्ध एक संस्था स्थापन झाली आणि ती स्थापन करणारा माणूस चित्रकारच होता, विल्यम ब्लेक रिचमंड. दिवसाढवळ्या उजेड मिळेना, याची त्याला चीड होती. एकाच धुराने एका चित्रकाराला चळवळीत ढकललं आणि दुसऱ्याला कॅनव्हासकडे. मोनेने लंडनवासीयांच्या फुप्फुसांचा विचार केल्याचं त्याच्या पत्रांवरून दिसत नाही. पाहुण्याला ती चैन परवडते, आणि त्याबद्दल त्याला झुकतं माप द्यायचं कारण नाही. मात्र धूर झाकण्याचा आरोप त्याच्यावर करता येत नाही. साम्राज्याच्या सर्वांत दिमाखदार इमारतीची नक्षी गाळून तिच्याभोवतीचा धूर त्याने चित्राचा नायक केला. 1952 च्या डिसेंबरमध्ये पाच दिवसांच्या धुरक्यात हजारो माणसं मेली आणि 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. त्यामुळे त्या हवेचा रंग कसा होता हे पाहायला आज या चित्रांकडे यावं लागतं.

ही चित्रं लंडनमध्येही मांडावीत अशी मोनेची इच्छा 1905 मध्ये फसली. सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या कोर्टोल्ड गॅलरीने टेम्सवरच्या त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं, तेही सॅव्हॉयपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आज फेब्रुवारीत त्या काठावर रंगपेटी घेऊन बसणाऱ्याला मोनेचा सूर्य सहसा मिळत नाही. बहुतेक निरभ्र संध्याकाळी कडा धारदार राहतात, बिंब डोळ्यांत घुसतं आणि उजेडाचा पल्ला रंगांच्या फार पलीकडे जातो. त्याला एक तर सूर्य व्हिक्टोरिया टॉवरच्या मागे जाईपर्यंत थांबावं लागतं, नाही तर इमारत मुद्दाम जास्त गडद करून सूर्याचा भास उभा करावा लागतो. मोनेची निळी-जांभळी छाया जशीच्या तशी उचलून तिथे वापरली, तर जी हवा आता उरलेली नाही तिचं चित्र तयार होईल.